माथ्यावरची पट्टी

संगणकाच्या पडद्यावर आपण जे काही उघडतो ते एका चौकटीत उघडते आणि त्या चौकटीला इंग्रजीत खिडकी म्हणण्याचा प्रघात आहे. मराठीने 'विंडो' हाच शब्द ठेवला हे एका अर्थी बरे झाले. कारण खिडकीतून आपण बाहेर पाहतो आणि या चौकटीतून आत. या चौकटीच्या माथ्यावर एक आडवी पट्टी असते. तिच्यावर कामाचे नाव असते आणि एका टोकाला तीन लहान खुणा असतात. एकीने चौकट खाली ठेवायची, दुसरीने मोठी करायची, तिसरीने मिटायची. मराठीत तिला शीर्षकपट्टी म्हणतात. इतक्या क्षुल्लक वस्तूवर निबंध कसला, असे वाचकांस वाटेल. परंतु जिच्याकडे आपण वर्षानुवर्षे निरखून पाहिले नाही त्या पट्टीत गेल्या पंधरा-सतरा वर्षांत फार मोठी उलथापालथ झालेली आहे, आणि साठी ओलांडलेल्या डोळ्यांना व बोटांना ती तरुणांपेक्षा अधिक जाणवते.

मध्य प्रदेश शासनाच्या सेवेत माझे आयुष्य कागदांत गेले. आमच्याकडे फाइलला 'नस्ती' म्हणतात. नस्तीच्या आवरणावर विभाग, क्रमांक, वर्ष आणि विषय लिहिलेला असे. आत कितीही गोंधळ असला तरी आवरणावरचा विषय वाचल्याखेरीज कोणी शहाणा अधिकारी लेखणी उचलत नसे. कारण एकाच्या प्रकरणावरची टीप दुसऱ्याच्या नस्तीत पडली तर माणसांची निवृत्तिवेतने अडकतात. संगणकातील शीर्षकपट्टी हे मूळचे तेच आवरण. मात्र तिच्याकडे आणखीही कामे होती. ती चौकटीची मूठ होती. चौकट इकडून तिकडे न्यायची तर तेथे धरून ओढायची. आणि पडद्यावर चार चौकटी असताना त्यांतील कोणती आपले ऐकते आहे, म्हणजे कळफलकावर उमटवलेले अक्षर कोणाच्या पदरात पडणार आहे, हेही तीच सांगत असे. ज्या पट्टीला निव्वळ शोभेची समजले जाते तिच्यावर एवढा कारभार होता.

तिचा इतिहासही लहान नाही. 1984 च्या मॅकिंटॉशमध्ये जी चौकट जागी असेल तिच्या माथ्यावर बारीक आडव्या रेषा दिसत, बाकीच्यांची माथी कोरी असत. मिटण्याची खूण डाव्या टोकाला असे आणि पुढे आकार बदलण्याची खूण आली ती उजव्या, म्हणजे दोहोंमध्ये अख्ख्या पट्टीचे अंतर. 1985 च्या पहिल्या विंडोजमध्ये चौकटी एकमेकींवर चढत नसत, फरशा बसवाव्यात तशा शेजारी शेजारी बसत. ऑगस्ट 1995 मध्ये 'विंडोज 95' आले आणि जागी पट्टी निळी, झोपलेली करडी हा रिवाज घरोघरी पोचला. त्याच वेळी मिटण्याची फुली मोठे करण्याच्या चौकोनाला अगदी खेटून बसवण्यात आली. चौकट मोठी करायला गेलेला माणूस ती मिटूनच परत येतो, ही तक्रार तेव्हापासूनची. दार मोठे उघडण्याची कडी आणि घराला टाळे लावण्याची कडी शेजारी शेजारी बसवणारा सुतार आपण कामावर ठेवला नसता. पण हा सुतार साऱ्या जगाने ठेवून घेतला.

आमच्या कचेरीत संगणक आले ते कृतिदेव फॉन्टसह. टंकलेखकांची बोटे रेमिंग्टनच्या यंत्रावर घडलेली, आणि कृतिदेवने तीच कळांची मांडणी चालू ठेवल्यामुळे त्यांचे बरे निभावले. परंतु कृतिदेव ही खऱ्या अर्थाने देवनागरी नव्हती. रोमन अक्षरांना नागरीचा अंगरखा चढवलेला होता एवढेच. पानावर तो अंगरखा टिके. शीर्षकपट्टीवर मात्र यंत्रणेचा स्वतःचा फॉन्ट चाले, तेथे अंगरखा गळून पडे. पानावर स्वच्छ 'ग्वालियर' लिहिणाऱ्याने तेच शब्द फाइलच्या नावात लिहिले की पट्टीवर विस्कटलेली रोमन अक्षरे दिसत. म्हणून मग फाइलींची नावे इंग्रजीतच ठेवायची पद्धत पडली, आणि इंग्रजीचा कंटाळा असल्यामुळे ती नावे 'लेटर', 'लेटर 2', 'फायनल', 'फायनल नवीन' अशी असत. पुढे युनिकोड आले, मंगल फॉन्ट आला, आणि एके दिवशी पट्टीवर माझ्या फाइलचे नाव नीट नागरीत उमटले. आवरणावर विषय लिहिला गेला, आता नस्ती पूर्ण झाली, असे मनाशी म्हटल्याचे स्मरते.

आणि नेमक्या त्याच काळात जगाने ती पट्टी रिकामी करायला घेतली.

याला कारण होते आणि ते न्याय्य होते. पूर्वीचे पडदे उंचीला बरे असत. पुढे चित्रपटांच्या सोयीसाठी ते रुंद होत गेले आणि मांडीवरच्या संगणकांत 1366 बाय 768 हे माप बोकाळले. त्याहून लहान, जेमतेम 600 ओळी उंचीचे संगणकही 2008 च्या सुमारास बाजारात होते. शीर्षकपट्टी साधारण 30 ओळी घेते. 768 मध्ये हा हिस्सा चार टक्क्यांचा. तिच्याखाली मेनूची ओळ, तिच्याखाली अवजारांची ओळ, पायथ्याशी आणखी एक पट्टी. मजकूर दिसायला उरते ते मधले पोट. वाचायला बसावे आणि अर्धा पडदा वाचण्याच्या साधनांनीच व्यापलेला असावा, ही स्थिती कोणालाही मान्य होण्यासारखी नव्हती. सप्टेंबर 2008 मध्ये क्रोम ब्राउझर आला तो शीर्षकपट्टीच्या जागीच टॅब चढवून. मागाहून फायरफॉक्सनेही तोच मार्ग धरला. लिनक्सच्या जगात ग्नोमने 2013 च्या 3.10 या आवृत्तीपासून पट्टी आणि अवजारे यांचे मीलन करून एकच जाडसर मथळा केला. 2020 मध्ये मॅकने नाव व साधने एका ओळीत आणली. कचेरीच्या कामाच्या प्रोग्रॅमांतही हल्ली पट्टीच्या मध्यभागी शोधाचा खण असतो आणि कडेला आपलेच छायाचित्र.

या बदलाच्या बाजूने आणखी एक मुद्दा आहे, तो मला मनोरम वाटतो. 1954 मध्ये पॉल फिट्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने मनुष्याच्या हाताच्या हालचालीचा एक नियम मांडला. लक्ष्य जितके मोठे आणि जवळ तितके ते लवकर गाठता येते, हे त्याचे सार. पडद्याची कड हे या नियमाने फार सोपे लक्ष्य ठरते. कारण माउसचा बाण कितीही जोराने वर फेकला तरी तो कडेपाशी अडतो, पलीकडे जात नाही. टॅब जर थेट वरच्या कडेला टेकवले तर डोळे मिटून बाण वर फेकावा आणि टॅब हाती लागावा. जुन्या व्यवस्थेत ही सोन्यासारखी कड निव्वळ नावाच्या पट्टीने अडवून ठेवली होती. तेव्हा नव्यांनी जे केले ते अविचाराने केले असे म्हणता येणार नाही.

तरीही काही गेले ते गेलेच. आपल्या लष्करातले वाडे आठवा. दौलतराव शिंद्यांची छावणी 1810 मध्ये येथे स्थिरावली आणि छावणीचेच गाव झाले. सरदार-मानकऱ्यांनी वाडे बांधले. प्रत्येक वाड्याला देवडी होती. देवडीत कोणी राहत नसे, स्वयंपाक होत नसे, झोपत नसे. हिशेबी माणसाच्या दृष्टीने ती वाया गेलेली जागा. पण आलेला माणूस तेथे थांबे, आपण कोणाच्या घरी आलो हे त्याला कळे, घरच्यांनाही कोण आले ते कळे. पुढे वाटण्या झाल्या, गरजा वाढल्या, रस्त्याच्या कडेची जागा मोलाची ठरली आणि देवड्यांत दुकाने निघाली. दुकानांत काही चूक नव्हती. त्यांच्या भाड्यावर कित्येक घरांतली शिक्षणे झाली. परंतु आता सराफ्याकडून येणाऱ्या पाहुण्याला वाडा सापडत नाही. तो साड्यांच्या आणि मोबाइलच्या फलकांखालून तीनदा पुढे जातो आणि शेवटी फोन करतो. शीर्षकपट्टीचे नेमके हेच झाले आहे. तिच्यावर टॅब आहेत, शोध आहे, खाते आहे, घंटा आहे. फक्त घराचे नाव तेवढे सापडत नाही, आणि चौकट ओढायला जावे तर बोट ठेवायला रिकामी जागा नाही.

हे मला पुस्तकी वाटले असते, परंतु आमच्या दादांमुळे ते रोज डोळ्यांसमोर राहिले. दादा माझ्याहून चौदा वर्षांनी वडील. हाताला कंप आहे. बुद्धी मात्र लखलखीत, आणि घराण्यातील जे मोडी कागद वाळवी व पावसाळे यांतून वाचले ते बाळबोधीत उतरवून ठेवण्याचे काम त्यांनी मनावर घेतलेले आहे. त्यांच्यानंतर आमच्या घरात मोडी वाचणारे कोणी नाही. कागदांची छायाचित्रे संगणकात आहेत. डाव्या हाताला मोडीचे छायाचित्र, उजव्या हाताला लिहिण्याची चौकट, अशी मांडणी करून ते एकेक ओळ उतरवतात. म्हणजे दोन चौकटी शेजारी शेजारी हव्यात, त्या हलवता आल्या पाहिजेत आणि कोणती जागी आहे हे दिसले पाहिजे. पट्टीची सारी जुनी कामे या एका उद्योगात लागतात.

नव्या संगणकावर पहिल्याच आठवड्यात त्यांनी सबंध दुपार एक वतनपत्र उतरवले आणि मान वर करून पाहतात तो उजवीकडे एक अक्षर नाही. छायाचित्राच्या चौकटीला चुकून स्पर्श झाला होता. ती जागी होती आणि लिहिलेले सर्व तिच्या ओटीत पडून नाहीसे होत होते. दोन्ही माथी पांढरीफेक. 2015 मध्ये 'विंडोज 10' प्रथम आले तेव्हा जाग्या-झोपलेल्या सर्वच पट्ट्या पांढऱ्या होत्या. लोकांनी ओरड केल्यावर त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात रंगाचा पर्याय परत दिला गेला, पण तो आपणहून शोधून लावावा लागतो. दादा रागावले नाहीत. "अरे, दरबारात सगळ्यांनीच पांढरी पागोटी बांधली तर मुजरा कोणाला करायचा?" एवढेच म्हणाले.

ओढण्याचेही तेच. थरथरणारा हात पट्टीवर रिकामी जागा शोधत जाई आणि टॅबवर पडे. टॅब चौकटीतून सुटून निराळी चौकट होई. ती परत चिकटवायला जावे तर फुलीवर बोट पडे. दादांना वाटे की आपले वय झाले. मला वाटे की त्यांच्या वयाचा विचार कोणी केला नाही. ज्याने ही पट्टी आखली त्याचा हात स्थिर होता, डोळे तरुण होते आणि त्याच्या फाइलींची नावे रोमन लिपीत होती.

लिपीचा प्रश्न तर स्वतंत्रच आहे. रोमन अक्षर थोड्या उंचीत मावते. नागरीला शिरोरेखेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार यांसाठी माथा लागतो आणि खाली उकार-ऋकारांसाठी पाऊल. पट्टीची उंची रोमनच्या मापाने ठरवली आणि मग जागा वाचवण्यासाठी आणखी दाबली की पहिला बळी अनुस्वाराचा जातो. मी स्वतः पट्टीवर 'शिंदे' चे 'शिदे' झालेले पाहिले आहे. ग्वाल्हेरीत बसून हे पाहावे लागावे! विंडोजमध्ये 2012 पासून निर्मला हा फॉन्ट नागरीसाठी आला, तो मंगलपेक्षा आटोपशीर आहे आणि त्याने हे दुखणे पुष्कळ कमी झाले. तथापि जेथे प्रोग्रॅम स्वतःची पट्टी स्वतः रेखाटतो तेथे तो कोणत्या मापाने रेखाटील याचा नेम नाही.

दुसरी अडचण आपल्या शिष्टाचाराची. पट्टीवर नावाला जागा कमी उरली की नाव शेवटाकडून कापून तीन टिंबे देतात. इंग्रजी नावांत मुख्य शब्द बहुधा आरंभी असतो. आपल्या मायन्यात तो शेवटी. दादांच्या फाइली 'श्रीमंत राजमान्य राजश्री' येथून सुरू होत. दहा टॅब उघडले की दहांवरही 'श्रीमं' आणि टिंबे. कोणते पत्र कोणाचे हे कळायचे साधन नाही. मी सुचवले की आधी सालाचा आकडा घालावा, मग नाव, मायना मुळीच नको. त्यांना ते फार जड गेले. पूर्वजांना नुसत्या नावाने हाक मारल्यासारखे वाटते, म्हणाले. अखेरीस साल घातले आणि पुढे 'श्री.' एवढे ठेवून घेतले.

याच ओघात त्यांना एकदा हौस आली की फाइलचे नावच मोडीत द्यावे. मोडीला युनिकोडमध्ये 2014 साली स्थान मिळाले आहे, फॉन्टही मिळतो. परंतु पट्टीवर नुसते चौकोन आले, कारण तेथला फॉन्ट आपल्या पसंतीचा नसतो. मोडी लिहिताना लेखक आधी कागदभर आडवी रेघ ओढतो आणि मग अक्षरे तिला लटकवत जातो. रेघ आधी, मजकूर नंतर. पट्टी तरी निराळे काय करते? पण त्या चौकोनांकडे पाहून दादा बराच वेळ हसत होते.

वादाचे मूळ मात्र मला वाटते याहून खोल आहे, आणि येथे माझ्यातला निवृत्त अधिकारी जागा होतो. पट्टी कोणी रेखाटावी? यंत्रणेने की प्रत्येक प्रोग्रॅमने आपापली? पूर्वी हे काम यंत्रणेचे होते. प्रोग्रॅम फक्त नाव सांगे. पट्टी, तिचा रंग, खुणांच्या जागा हे सर्व वरून ठरे. त्यामुळे सगळी माथी सारखी असत आणि एका ठिकाणी बदल केला की सर्वत्र लागू होई. शिवाय आतला प्रोग्रॅम मूर्च्छित पडला तरी माथ्यावरची फुली यंत्रणेच्या हाती असल्यामुळे चौकट हलवता किंवा मिटता येई. प्रोग्रॅमने पट्टी स्वतः रेखाटली की तो बेशुद्ध पडताच फुलीही बेशुद्ध. मग यंत्रणेला दुसऱ्या मार्गाने येऊन 'हा उत्तर देत नाही, संपवू का?' असे विचारावे लागते. लिनक्सच्या दोन मोठ्या घराण्यांत यावरून सरळ फूट आहे. ग्नोम म्हणते, प्रत्येकाने आपला मथळा आपण रेखाटावा, म्हणजे तो कामाला अनुरूप होईल. 2018 मध्ये त्यांनी इतरांनीही तसे करावे म्हणून मोहीमच काढली. केडीई म्हणते, चौकट आमची, आतले तुमचे. सर्व खात्यांच्या कचेऱ्यांवर एकाच मापाची पाटी असावी की प्रत्येक खात्याने आपल्या मर्जीने रंगवावी, हा वाद मी नोकरीत अनेकदा ऐकला आहे. दुसऱ्या पद्धतीने इमारती देखण्या होतात हे खरे. पण पाटी देखणेपणासाठी नसते, अर्ज हातात घेऊन उन्हात उभ्या असलेल्या माणसासाठी असते. माझे मत केडीईच्या बाजूचे आहे. ज्याला लहान पडद्यावर नुसते वाचायचे आहे त्याचे मत निराळे असेल आणि तेही चूक नव्हे. पोर्ट्रेट काढायचे की पत्र लिहायचे यावर कागद आडवा धरायचा की उभा हे ठरते.

नवे लोक उपाय ठेवतातच, फक्त ते सांगत नाहीत. फायरफॉक्समध्ये साधनपट्टी बदलण्याच्या पानावर खाली कोपऱ्यात शीर्षकपट्टीचा एक चौकोन आहे. त्यात खूण केली की जुनी पट्टी परत येते. लिनक्सवर क्रोमलाही यंत्रणेची पट्टी वापर असे सांगता येते. पट्टीला हातच लावायचा नसेल तर विंडोजमध्ये विंडोजची कळ दाबून डावा किंवा उजवा बाण दाबला की चौकट अर्ध्या पडद्यावर जाऊन बसते. ही सोय 2009 च्या 'विंडोज 7' पासून आहे. कंप असलेल्या हातास ओढण्यापेक्षा दाबणे शतपटीने सोपे, ही गोष्ट वाचकांतील ज्येष्ठांनी लिहून ठेवण्यासारखी आहे. पट्टी जाड करण्याचा पर्याय मात्र 'विंडोज 8' पासून समोरून काढून घेतला गेला. तो आता यंत्रणेच्या तळघरात आहे आणि तेथे आपण उतरू नये.

मागील दिवाळीत पुण्याहून नातू आला होता. त्याने दादांच्या संगणकावर लिनक्स घातले, वर केडीई बसवले. फुली उचलून डाव्या टोकाला नेली, बाकीच्या दोन खुणा उजव्या टोकाला ठेवल्या. म्हणजे जुन्या मॅकचीच रीत. पट्टी दुप्पट उंच केली, तिच्यावरची अक्षरे मोठी केली, आणि झोपलेल्या पट्टीला करडा रंग देऊन जाग्या पट्टीचा रंग कोणता हवा म्हणून आजोबांना विचारले. दादांनी भगवा सांगितला. नातवाला तो रंग डोळ्यांत खुपणारा वाटला. त्याने दोन छटा फिकट करून पाहिल्या, त्या दादांनी नाकारल्या. चौकट हलवायची तर आता एक कळ दाबून तिच्या पोटावर कोठेही धरून ओढले तरी चालते, तेव्हा जाड पट्टीची तशी गरज उरली नाही असेही त्याने सांगून पाहिले. पट्टी राहू दे, असे उत्तर मिळाले.

गेल्या आठवड्यात गेलो तेव्हा भगव्या पट्टीवर '1843 श्री.' येथून सुरू होणारे सबंध नाव, अनुस्वारांसह, दिसत होते. महाराजपूरच्या लढाईच्या वर्षाचे कागद आहेत, शाई पुसट आहे, आणि एका शब्दावर दादा तीन दिवस अडलेले आहेत.